जुलैमध्ये आयर्लंडमधल्या वेस्टपोर्टला दोन दिवस आहोत. काय काय करता येईल?

एक दिवस सायकलला द्या. ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे हा ४२ किलोमीटरचा रस्ता १९३७ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून अकिल बेटापर्यंत जातो. सायकल भाड्याने देणारे व्हॅनने अकिलला सोडतात, तिथून आरामात परत यायचं. वाटेत मलरनी गावाजवळचा समुद्र पाहायला थांबाच.

दुसऱ्या दिवशी क्रोग पॅट्रिक हा पवित्र मानला जाणारा डोंगर. उंची जेमतेम ७६४ मीटर, पण शेवटचा चढ सुट्या दगडांचा, गुडघ्यांची परीक्षा! जुलैच्या शेवटच्या रविवारी तिथे यात्रा असते, काही जण अनवाणी चढतात. गर्दी नको असेल तर तो दिवस टाळा.

संध्याकाळी मॅट मॉलॉय या नामवंत बासरीवादकाच्या पबमध्ये आयरिश संगीत ऐका. उजेड दहापर्यंत असतो, घाई नको. रेनकोट मात्र जुलैतही हवाच.