कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी दोन विद्यापीठांपैकी एक कसं निवडावं?

एकाचं नाव मोठं, दुसऱ्याच्या लॅब चांगल्या, आणि प्रवेश दोन्हीकडे मिळतोय, असा तुमचा पेच आहे. आधी दोन्हींचा अभ्यासक्रम विषयवार वाचा. पदवीचं नाव एकच असलं तरी आतल्या मजकुरात जमीन-अस्मानाचा फरक असतो. डिजिटल लॉजिक, कॉम्प्युटर आर्किटेक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, एम्बेडेड सिस्टिम हे विषय सक्तीचे हवेत. ते नसतील तर ती प्रत्यक्षात सॉफ्टवेअरचीच पदवी आहे. तुम्हाला तेच हवं असेल तर हरकत नाही, पण माहीत असून घ्या.

मग तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. छोटा प्रोसेसर स्वतः व्हेरिलॉगमध्ये (हार्डवेअरची रचना लिहायच्या भाषेत) लिहून एफपीजीए बोर्डावर (ज्याच्या चिपमध्ये हवं ते सर्किट पुन्हा पुन्हा बनवता येतं अशा बोर्डावर) चालवलाय का, हे विचारा. एका बोर्डाभोवती सहा जण उभे आणि वायरी जोडणारा एकच, असं असेल तर लॅबच्या चकचकीत फोटोंना काही अर्थ नाही. माझ्या मते हा एक प्रश्न सगळ्या रँकिंगपेक्षा जास्त सांगून जातो. रँकिंगमध्ये बऱ्याचदा संशोधनाला वजन असतं, शिकवण्याला नाही.

परदेशी जायचा विचार असेल तर मान्यता तपासा. वॉशिंग्टन अकॉर्ड या १९८९ च्या करारानुसार सदस्य देश एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्या मानतात, पण ती मान्यता त्या-त्या अभ्यासक्रमाला असते, अख्ख्या विद्यापीठाला नव्हे.

आणि बाकी सगळं उन्नीस-बीस असेल, तर जिथे कर्ज कमी काढावं लागेल तिथे बिनधास्त जा.