घाण्याचं जवस तेल कॅनव्हासवर चालेल का?

प्रश्न : इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या ‘द हे वेन’ची (पाण्यातल्या घोडागाडीच्या निसर्गचित्राची) नक्कल करून तैलरंग शिकायचे आहेत. कॅनव्हास केवढा घ्यावा, सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, परभणी

उत्तर : १८२१ चं हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, १३०.२ × १८५.४ सें.मी. आकाराचं. तुम्ही १४ × २० इंचांचा कॅनव्हास घ्या; प्रमाण जवळजवळ तेच बसतं. ७ × १० इंचांच्या छापील प्रतीवर एकेक इंचाच्या आणि कॅनव्हासवर दोन-दोन इंचांच्या चौकटी आखा. पेन्सिल हलकी धरा आणि आकाशातल्या रेघा रंगवण्याआधी पुसून टाका, नाहीतर पांढऱ्या रंगाखालून त्या पुढे डोकावतात.

पहिला थर फक्त रॉ अंबर (मातकट तपकिरी) आणि टर्पेंटाइनचा (रंग पातळ करायचं द्रव्य), कोऱ्या चहाइतका पातळ. डावीकडचं घर आणि त्यामागची झाडं गडद करा, उजेडाची जागा फडक्याने पुसून मोकळी करा. पांढरा अजून ट्यूबमध्येच राहू द्या. डोळे किलकिले करून मूळ प्रतीशी ताडून पाहा. इथे छायाप्रकाश चुकला तर पुढे कितीही रंग चढवा, चित्र सपाटच राहतं. हा थर वाळला की आकाश, मग लांबचं कुरण, मग झाडं. पाणी आकाशानंतरच, कारण त्यात आकाशच उतरलेलं आहे. गाडी आणि घोडे शेवटी.

प्रश्न : माझी झाडं सगळी पोपटी दिसतात. – एक वाचक, नांदेड

उत्तर : तयार हिरव्याची ट्यूब बाजूला ठेवा. कॉन्स्टेबलच्या कुरणातला हिरवा एक नाही, अनेक वेगवेगळ्या हिरव्यांचे फटकारे शेजारी शेजारी आहेत. अल्ट्रामरीन निळ्यात यलो ऑकर (मातकट पिवळा) घातला की मळकट हिरवा मिळतो, लेमन यलो घातला की उजळ. सावलीला त्यातच थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). तिन्ही ढीग पॅलेटवर आधी घोटून ठेवा. तीन-चार फटकाऱ्यांनंतर ब्रश पुसा, आणि लावलेल्या रंगावर पुन्हा पुन्हा फिरवू नका. चिखल होतो तो तिथेच.

प्रश्न : आमच्याकडे घाण्यावर जवस काढतात. ते तेल रंगात घातलं तर? शेंगदाण्याचं? – एक वाचक, लातूर

उत्तर : शेंगदाण्याचं अजिबात नको, ते महिनोन् महिने चिकटच राहतं. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि तो गुण जवसात भरपूर आहे. पण घाण्याच्या तेलात गाळ आणि चिकट द्रव्य असतं. ते हळू वाळतं आणि पिवळंही पडतं. म्हणून रंगसाहित्याच्या दुकानातलं रिफाइन्ड लिनसीड घ्या, तेही जवसच. करडईचं तेल कमी पिवळं पडतं, म्हणून काही कंपन्या पांढरा रंग त्यात घोटतात. पण ते सावकाश वाळतं आणि थर जरा कच्चा राहतो, तेव्हा खालच्या थरात नको.

प्रमाण असं ठेवा : पहिल्या थरात तेल नाही, दुसऱ्यात दोन भाग टर्पेंटाइनला एक भाग तेल, शेवटच्यात निम्मं-निम्मं. खालचा थर तेलकट आणि वरचा रुक्ष झाला तर वरचा आधी वाळून ताठ होतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात. तेल जास्त झालं तर मात्र भेगा नाहीत, सुरकुत्या येतात; वर साय धरते, आत ओलंच. मे महिन्यात लातुरात ही साय फार लवकर धरते, त्यामुळे जाड फटकारा मारायचा तर शेवटच्याच थरात मारा.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका. जवसाच्या तेलाने माखलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.