वाचकांचे प्रश्न : मोर्ले यांचा मॉन्ट्रोज मतदारसंघ

प्रश्न : गोखल्यांच्या काळाविषयी वाचताना भारतमंत्री जॉन मोर्ले यांनी 1907 साली स्कॉटलंडमधील आर्ब्रोथ येथे केलेल्या भाषणाचा उल्लेख पुन्हा पुन्हा भेटतो. मोर्ले हे ‘मॉन्ट्रोज बरोज’चे खासदार होते, असेही त्याच पुस्तकांत छापलेले असते. मॉन्ट्रोज आणि आर्ब्रोथ ही दोन वेगळी गावे असतील, तर मोर्ले नेमके कोणाचे प्रतिनिधी होते? आणि भारताविषयीचे इतके महत्त्वाचे भाषण लंडन सोडून तिकडे का झाले?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ही दोन्ही गावे वेगळीच आहेत आणि मोर्ले दोन्हींचे प्रतिनिधी होते. किंबहुना ते पाच गावांचे प्रतिनिधी होते : मॉन्ट्रोज, आर्ब्रोथ, ब्रेखिन, फॉरफर आणि इन्व्हरबर्व्ही. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या या गावांपैकी पहिली चार फॉरफरशर (आजचे अँगस) या काउंटीत होती आणि चिमुकले इन्व्हरबर्व्ही शेजारच्या किंकार्डिनशरमध्ये होते. त्यांच्या सीमा एकमेकींना लागलेल्या नव्हत्या. मधली शेते आणि खेडी काउंटीच्या निराळ्या मतदारसंघात मोडत. नकाशावर हा मतदारसंघ रंगवायचा झाला, तर पाच सुटे ठिपके द्यावे लागतील.

असा विखुरलेला मतदारसंघ का निर्माण झाला, याचे उत्तर 1707 च्या एकीकरणात आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची एकच पार्लमेंट झाली, तेव्हा स्कॉटलंडच्या वाट्याला कॉमन्स सभेत 45 जागा आल्या. त्यांपैकी 30 जागा काउंट्यांना आणि 15 जागा ‘बरो’ म्हणजे राजाची सनद असलेल्या शहरांना मिळाल्या. स्कॉटलंडच्या स्वतःच्या पार्लमेंटमध्ये या शहरांना आपापले प्रतिनिधी पाठविता येत असत. आता एडिंबराला एक स्वतंत्र जागा देऊन उरलेल्या 65 शहरांची 14 गटांत विभागणी करावी लागली. मॉन्ट्रोज, आर्ब्रोथ, ब्रेखिन आणि इन्व्हरबर्व्ही ही गावे त्या वेळी अ‍ॅबरडीनबरोबर एका गटात घातली गेली.

खासदार निवडण्याची त्या काळची रीत आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. नागरिक मत देत नसत. प्रत्येक शहराची कौन्सिल आपला एक प्रतिनिधी नेमी, हे पाच प्रतिनिधी एकत्र जमत आणि ज्याच्या बाजूला त्यांतील तीन असतील तो खासदार होई. सभा कोणत्या शहरात भरायची याची पाळी ठरलेली असे. या कौन्सिलाही लोकनियुक्त नव्हत्या, कारण मावळती कौन्सिलच नवी कौन्सिल निवडत असे. म्हणजे पाच बंद खोल्यांतील मूठभर व्यापारी आणि कारागीर यांच्या मर्जीवर एक संपूर्ण मतदारसंघ उभा होता.

1832 च्या सुधारणा कायद्याने हे संपविले. अ‍ॅबरडीनला स्वतःची जागा मिळाली, पर्थच्या गटातील फॉरफर इकडे आले आणि ‘मॉन्ट्रोज बरोज’ हा मतदारसंघ अस्तित्वात आला. दहा पौंड वार्षिक मूल्याच्या घराचा ताबा असलेल्या पुरुषाला थेट मत मिळाले. 1868 नंतर शहरांतील बहुतेक घरधारक पुरुष मतदार झाले आणि 1872 पासून मतदान गुप्त झाले. डंडीचे व्यापारी विल्यम एडवर्ड बॅक्स्टर यांनी 1855 पासून 30 वर्षे ही जागा उदारमतवादी पक्षाकडे राखली, यावरून तेथील कल दिसून येईल.

मोर्ले मूळचे इंग्लंडमधील लँकेशरचे. 1895 च्या निवडणुकीत न्यूकॅसल येथे ते पडले आणि 1896 च्या आरंभी मॉन्ट्रोजची पोटनिवडणूक जिंकून परत आले. डिसेंबर 1905 मध्ये ते भारतमंत्री झाले, तेव्हा पंतप्रधान कॅम्पबेल-बॅनरमन हेदेखील स्टर्लिंग बरोज या अशाच गटाचे खासदार होते. त्याच महिन्यात बनारसच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षीय भाषण करताना गोखल्यांनी मोर्ले यांना बर्कचे अभ्यासक, मिलचे शिष्य आणि ग्लॅडस्टनचे चरित्रकार म्हणून गौरविले होते; मन पूर्वी कधी नव्हे इतके आशेने भरले आहे आणि थरथरतही आहे, असेही ते म्हणाले होते.

पुढच्या दोन वर्षांत त्या मनाच्या वाट्याला थरथरणेच अधिक आले. मे 1907 मध्ये लाला लजपतराय यांना खटल्याशिवाय मंडालेला पाठविण्यात आले. उदारमतवादी भारतमंत्र्याने हे मान्य कसे केले, हा प्रश्न ब्रिटनमधील त्यांच्या पक्षातही विचारला जाऊ लागला होता. खासदाराने आपल्या मतदारांपुढे जाऊन कामाचा जाब द्यावा, या रिवाजानुसार 21 ऑक्टोबर 1907 रोजी मोर्ले आर्ब्रोथला उभे राहिले. भाषण तिकडे झाले ते एवढ्याचसाठी. कॅनडाला जे स्वराज्य मानवले ते भारतालाही मानवेल, या युक्तिवादाची त्यांनी तेथे खिल्ली उडविली. कॅनडाच्या थंडीत केसाळ कातड्याचा कोट सुखाचा वाटतो म्हणून तो दख्खनमध्येही सोयीचा ठरेल, असे म्हणण्यासारखेच ते आहे, असे त्यांचे म्हणणे होते. भारताच्या एवढ्या विस्तारातून उदाहरणासाठी त्यांनी दख्खनच उचलावे, याची मौज पुण्याच्या वाचकाला वाटल्यावाचून राहणार नाही.

मला मात्र कोटापेक्षा दुसरी गोष्ट लक्षणीय वाटते. 1892 च्या कायद्यानंतर मुंबई प्रांताच्या कौन्सिलात नगरपालिकांचे आणि लोकल बोर्डांचे गट करून त्यांच्यामार्फत माणसे सुचविली जात. कायद्यात ‘निवडणूक’ हा शब्दसुद्धा नव्हता. टिळक आणि गोखले दोघेही त्या कौन्सिलात या सुचविण्याच्या वाटेनेच गेले. 1909 च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी निवडणूक हे नाव दिले, जागा वाढविल्या आणि मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ काढले; तरीही प्रांतिक कौन्सिलांतील सर्वसाधारण जागांची मुख्य वाट नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्यातूनच जात राहिली. शहरांचे गट आणि मधल्या सभासदांचे मत ही मॉन्ट्रोजने 1832 साली टाकून दिलेली रीत होती. मॉन्ट्रोजच्या घरधारकांच्या थेट मतांवर बारा वर्षे खासदार राहिलेल्या माणसाने भारताला देऊ केली ती त्यांच्या आजोबांच्या काळातली निवडणूक.

ताजा कलम म्हणून एक खुलासा करतो. 1908 च्या वसंतात मोर्ले लॉर्ड होऊन वरिष्ठ सभागृहात गेले आणि मे महिन्यातील पोटनिवडणुकीत रॉबर्ट हारकोर्ट त्यांच्या जागी आले. जुलैमध्ये टिळकांना शिक्षा झाली तेव्हा मोर्ले भारतमंत्री होते, पण मॉन्ट्रोजचे खासदार नव्हते. काही लेखांत याची गल्लत दिसते.

प्रश्न : काँग्रेसचे संस्थापक ए. ओ. ह्यूम यांचे वडीलही मॉन्ट्रोजचे खासदार होते, असे ऐकले. ते खरे आहे काय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खरे आहे; शिवाय जोसेफ ह्यूम यांचा जन्मही मॉन्ट्रोजचाच, 1777 सालचा. वडील जहाजाचे कप्तान होते आणि ते लवकर वारल्यामुळे आईने चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान चालवून संसार ओढला. ह्यूम शल्यवैद्यकी शिकून ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आले. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात ते बुंदेलखंडातील फौजेबरोबर होते. देशी भाषा येत असल्याने दुभाष्याचे आणि पगार वाटण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि भिजलेली तोफांची दारू पुन्हा वापरण्याजोगी करून देण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. 1808 मध्ये ते मायदेशी परतले, ते सुमारे 40,000 पौंड गाठीला बांधून. ज्या 1818 साली पेशवाई बुडाली त्याच साली त्यांना जुन्या अ‍ॅबरडीन गटातून, म्हणजे वर वर्णिलेल्या पाच प्रतिनिधींच्या पद्धतीने, जागा मिळाली. 1842 पासून 1855 मध्ये मृत्यू येईपर्यंत मात्र ते मॉन्ट्रोज बरोजचे थेट निवडलेले खासदार होते. एकाच माणसाने आपल्याच गावासाठी दोन्ही रीती अनुभवल्या. सरकारी खर्चाची पै न् पै तपासणारे सभासद म्हणून त्यांची ख्याती होती. कामगारांच्या संघटनांवरील बंदी 1824 मध्ये उठली, त्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

प्रश्न : हा मतदारसंघ आज आहे काय?
– वरील वाचक

उत्तर : नाही. 1918 च्या फेररचनेत एल्गिन बरोज, इन्व्हरनेस बरोज यांसारखे अनेक गट गेले, मॉन्ट्रोज तगला. 1950 च्या निवडणुकीपासून तोही मिटला. मॉन्ट्रोज, ब्रेखिन आणि इन्व्हरबर्व्ही ‘नॉर्थ अँगस अँड मर्न्स’मध्ये गेली, आर्ब्रोथ आणि फॉरफर ‘साउथ अँगस’मध्ये. शेवटचे खासदार जॉन मॅक्ले पुढे दुसऱ्या मतदारसंघातून निवडून आले आणि 1957 मध्ये स्कॉटलंडचे मंत्री झाले.