लाइटबॉक्स म्हणजे गिरवणं का?

प्रश्न : मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढणारे इंग्लंडचे क्वेंटिन ब्लेक लाइटबॉक्सवर (खालून उजेड असलेल्या काचेच्या पेटीवर) रफ, म्हणजे कच्चं चित्र ठेवून त्यावर दुसऱ्या कागदावर शाईने काढतात, असं वाचलं. मग हे गिरवणंच नाही का? मुलीला बारावीनंतर चित्रकलाच करायची आहे. तिला लाइटबॉक्स घेऊन द्यावा का?
– एक पालक, सांगली

उत्तर : गिरवणं नाही. उलट, गिरवायला लागू नये याचीच ती खटपट आहे. ब्लेक रफवर जलरंगाचा कागद ठेवतात आणि खालचं अंधुकच दिसेल असं बघतात. रेघ स्पष्ट दिसली की हात तिच्यामागे निमूट चालायला लागतो. आम्हा पाठ्यपुस्तकांत चित्रं काढणाऱ्यांची फेअर केलेली चित्रं रफपेक्षा मेलेली दिसतात, ती त्यामुळेच. ब्लेकना फक्त कोण कुठे आहे एवढी खूण हवी असते. बाकी सगळं जणू पहिल्यांदाच काढायचं. सुरुवातही अवघड जागेपासून: एखादा चेहरा, नाहीतर उभं राहण्याची ढब. ते फसलं, तर दुसरा कागद ठेवून पुन्हा.

त्यांच्या त्या खरखरीत, घाईघाईच्या वाटणाऱ्या रेघेमागचा विचार रफमध्येच झालेला असतो. ‘द बीएफजी’ (१९८२) या मुलांच्या पुस्तकातल्या राक्षसाला आधी लांब बूट होते. ते काही जमेनात. मग लेखक रोआल्ड डाल यांनी स्वतःचा एक सँडल टपालाने ब्लेककडे पाठवला, आणि राक्षसाच्या पायात तोच आला. मला तर त्या सँडलमुळेच तो राक्षस आपल्या गल्लीतला वाटतो!

ब्लेक यांच्या शिक्षणाचं म्हणाल, तर १९३२ चा जन्म, सोळाव्या वर्षी ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात पहिलं चित्र, मग केंब्रिजला चक्क इंग्रजी साहित्य. नंतर लंडनमधल्या चेल्सीच्या कलाशाळेत अर्धवेळ जाऊन समोर माणूस बसवून रेखाटनाचा सराव केला. पुढे रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये वीसेक वर्षं शिकवलं. १९९९ मध्ये ब्रिटनचे पहिले ‘चिल्ड्रन्स लॉरिएट’ (बालसाहित्यातलं मानाचं पद) झाले, २००२ मध्ये बालसाहित्यासाठीचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला.

मुलीला आधी टाक, पाण्याने न फुटणारी काळी शाई आणि स्वस्त कागदांचा गठ्ठा द्या. एसटी स्टँडवर बसून ताटकळलेली माणसं काढू दे. पाठीवरूनही कंटाळा कळला पाहिजे. लाइटबॉक्स विकत कशाला? पुस्तकांच्या दोन चळतींवर जाड काच, खाली एलईडी दिवा, काचेला खालून ट्रेसिंग पेपर. खिडकीच्या काचेवर मात्र नको. उभ्या कागदावर टाकातून शाई नीट उतरत नाही.