घरी बांधलेल्या हॅम रेडिओ अ‍ॅम्प्लिफायरसाठी कपॅसिटर कसे निवडावेत?

तुम्ही लिहिलंय की आयआरएफ५१० या मॉस्फेट ट्रान्झिस्टरच्या जोडीवर ७ मेगाहर्ट्झचा १० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर बांधलाय, सुरुवातीला पॉवर पूर्ण मिळते, पण थोडा वेळ बोललं की ती उतरते आणि वरच्या नको त्या फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या लो-पास फिल्टरमधले ६८० पिकोफॅरडचे कपॅसिटर चटका बसेल इतके तापतात. ५० व्होल्टचे काढून १ किलोव्होल्टचे निळे डिस्क बसवले, तरी तेच.

तुमची अडचण व्होल्टेजची नाहीच. ५० ओहमवर १० वॅट म्हणजे साधारण २२ व्होल्ट आरएमएस, शिखर ३२ च्या आसपास. अँटेना नीट जुळली नसेल तर हा आकडा दुपटीकडे जातो, म्हणून १०० व्होल्टचा कपॅसिटर घ्यावा, एवढंच. खरा प्रश्न करंटचा आणि आतल्या डायइलेक्ट्रिकचा, म्हणजे दोन पत्र्यांमधल्या इन्सुलेटरचा आहे. ७.१ मेगाहर्ट्झला ६८० पिकोफॅरडची रिअ‍ॅक्टन्स (एसी करंटला होणारा अडथळा) ३३ ओहम येते. म्हणजे हरभऱ्याएवढ्या त्या तुकड्यातून जवळजवळ ०.७ अँपिअर आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीचा) करंट सतत ये-जा करतोय. एक्स७आर जातीच्या सिरॅमिकला डेटाशीट २.५ टक्क्यांपर्यंत लॉस (उष्णतेत वाया जाणारा भाग) मान्य करते. त्या हिशोबाने एकेका कपॅसिटरमध्ये ०.४ वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. त्याच जागी एनपीओ असेल, ज्याला कॅटलॉगमध्ये सीओजी म्हणतात, तर लॉस ०.१ टक्का धरूनही ०.०१५ वॅट. तापल्यावर एक्स७आरची किंमत (म्हणजे पिकोफॅरडमधला आकडा) १५ टक्क्यांपर्यंत सरकू शकते, वाय५व्ही या आणखी हलक्या सिरॅमिक जातीची तर त्याहून कितीतरी जास्त. किंमत सरकली की फिल्टरही सरकतो, आणि पॉवर उतरते ती इथेच.

किलोव्होल्टचे निळे डिस्क दिसायला दणकट असतात, पण ६८० पिकोफॅरडमध्ये ते बहुधा वाय५पीसारख्या जातीचे निघतात. पॉवर सप्लायमध्ये उत्तम, फिल्टरमध्ये अजिबात नकोत.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, नुसतं ‘६८१ द्या’ (६८० पिकोफॅरडचा छापील कोड) म्हणू नका, कारण त्या आकड्यावरून जात कळत नाही. एनपीओ डिस्कच्या डोक्यावर बहुतेक वेळा काळा ठिपका असतो. तरी घरी आल्यावर तपासाच: एलसी मीटरला (कपॅसिटर आणि कॉइल मोजणाऱ्या मीटरला) कपॅसिटर लावा आणि तापलेलं सोल्डरिंग आयर्न त्याच्या एका पायाला टेकवा. एनपीओचा आकडा जागचा हलत नाही. दुसऱ्या जातीचा असेल तर तुमच्या डोळ्यांदेखत आकडा पळायला लागतो. मला हीच परीक्षा सगळ्यात भरवशाची वाटते.

६८० चा एनपीओ मिळाला नाही तर ३३० चे दोन आणि २२ चा एक पॅरलल जोडा. करंट वाटला जातो, त्यामुळे एकच मोठा मिळाला तरी मी असाच जोड पसंत करतो. डिप्ड सिल्व्हर मायका मिळाले तर डोळे झाकून घ्या, महाग असले तरी. पॉलिस्टायरीनचा लॉस कमी असतो, पण सोल्डरिंगच्या उष्णतेने तो वितळतो. पॉलिएस्टर या कामाचा नाही.

याचा अर्थ एक्स७आर टाकून द्यायचे असा नाही. बायपाससाठी, म्हणजे सप्लायच्या तारेवरचं आरएफ ग्राउंडला वळवण्यासाठी, ०.१ मायक्रोफॅरडचे तेच वापरायचे, तिथे किंमत थोडी सरकली तरी बिघडत नाही. तिथे बिघडवतात ते लांब पाय. ७ मेगाहर्ट्झला ०.१ मायक्रोफॅरडची रिअ‍ॅक्टन्स जेमतेम ०.२२ ओहम, दोन्ही पाय एकेक सेंटिमीटर ठेवलेत तर पायांचीच त्याच्या दुपटीहून जास्त होते आणि तो कॉइलसारखा वागू लागतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपवर तर एसएमडी (बिनपायांचा, बोर्डवर सपाट बसणारा) कपॅसिटर थेट ग्राउंडवर बसवा, जमल्यास दोन-तीन शेजारी-शेजारी. सप्लायचा इलेक्ट्रोलिटिक २५ व्होल्टचा, १०५ अंशांचा घ्या आणि हीटसिंकपासून लांब ठेवा.

बदल झाला की अँटेना न लावता डमी लोडवर (अँटेनाच्या जागी लावायच्या ५० ओहमच्या रेझिस्टरवर) पाच मिनिटं चालवा, ट्रान्समिट बंद करा आणि मगच फिल्टरला बोट लावा. चालू असताना हात लावलात तर आरएफचा चटका बसतो, आणि तो खोलवर भाजतो. कपॅसिटर गार असूनही पॉवर उतरत असेल, तर मग मॉस्फेटचा बायस करंट (सिग्नल नसताना वाहणारा) तापल्यावर किती चढतो ते मोजून इथे लिहा.