देवाशी अबोला

"मॅडम, देव आहे हे पटतं. पण तो माझा कुणी लागत नाही."

मी समुपदेशक. या ना त्या शब्दांत हे मी वर्षभर ऐकत असते. बोलणारे बहुतेक चाळिशीतले, संकष्टी न चुकवणारे. म्हणून एकाची गोष्ट सांगते, ओळख पुसून.

हे गृहस्थ पुण्यात आयटीत. एका मोठ्या देवस्थानचा पास ऑनलाइन काढून तीन तास रांगेत उभे राहिले. गाभाऱ्यात हात जोडतात न जोडतात तोच, "चला, पुढे चला!" "बँकेतसुद्धा याहून जास्त वेळ देतात हो," म्हणाले. घरी सकाळी मोबाइलवर अथर्वशीर्ष लागतं, तेव्हा हे दाढी करत असतात.

दोन भेटी गर्दी आणि पैसा यांवरच गेल्या. दुखणं रांगेचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी जाणवलं होतं. इतक्या वर्षांत एवढं कळतं. तिसऱ्या भेटीत विचारलं, "तुमच्या घरात देवाशी कोण बोलायचं?"

"आजी." मग जरा थांबून, "पितळी बाळकृष्ण होता. चिंचेनं घासून घासून नाक झिजलेलं. थंडीत त्याला कोमट पाण्यानं आंघोळ घालायची आणि विचारायची, गार लागलं का रे? दूध उतू गेलं तरी त्यालाच ओरडायची."

"आणि तुम्ही?"

बराच वेळ काही नाही.

"२०२१ मध्ये बाबा गेले. कोविड. शेवटचं बघितलं ते व्हिडिओ कॉलवर. स्मशानात टोकन मिळालं." मान खाली, आवाज एकदम चढला. "तेव्हा कुठं होतास रे?"

प्रश्न मला नव्हता. मी पाण्याचा पेलासुद्धा पुढे सरकवला नाही.

मला विचाराल तर त्या 'रे'पाशी नातं पुन्हा सुरू झालं. मी सगळं माणसाच्या जवळिकीच्या अंगानं बघते, सहकारी हसतात त्याला. पण परक्यावर कुणी रुसतं का? नामदेवांच्या घरची दासी जनाबाई विठ्ठलाला 'विठ्या' म्हणून शिव्या घालते, आणि तिच्याच अभंगांत तो तिच्यासोबत दळायला बसतो.

म्हणून आता अशांना मी सांगते: मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, पाच मिनिटं बसा आणि दिवसातली एक गोष्ट आपल्या बोलीत त्याला सांगा. मागणं नको. राग असेल तर रागच सांगा. पहिले काही दिवस वेड्यासारखं वाटेल, वाटू द्या. उत्तर येईल का, हे मला विचारू नका. मी पुजारी नाही. मात्र झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली असेल, जगणं नको वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

बाळकृष्ण गावी चुलत्यांकडे होता, तो यांनी मागून आणला. मध्यंतरी फोन आला.

"चार दिवस अबोला आहे आमचा."

"का हो?"

"मुलीचा ताप उतरत नव्हता."

"आणि आंघोळ?"

"घालतो ना. गिझरच्या पाण्यानं. पण बोलत नाही."