वाटणीच्या दाव्यात कोर्टानं मध्यस्थीला पाठवलंय, जाऊन फायदा आहे का?

तुम्ही लिहिलंय की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या वडिलोपार्जित जमिनीचा दावा सहा वर्षं चाललाय, न्यायाधीशांनी मध्यस्थी केंद्रात पाठवलंय आणि वकील म्हणतात, ‘नुसती सही करून या, तिथं काही होत नाही.’ मी म्हणेन जा, आणि तयारीनं जा. आमचा दावा अकरा वर्षं रेंगाळून शेवटी तिथंच मिटला.

आधी एक हिशेब करा. उद्या निकाल तुमच्या बाजूनं लागला तरी हातात पडतो तो प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कुणाचा हिस्सा किती एवढंच. पुढं अंतिम हुकूमनाम्याचं काम वेगळं. शेतसाऱ्याची जमीन असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष वाटप महसूल खात्याकडे जातं. म्हणजे डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिस, तहसीलदार, सर्व्हेयर, मोजणी. त्यात कुणी अपील केलं तर धारवाडच्या हायकोर्टाच्या वाऱ्या. (सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात बघणाऱ्या आपल्या लोकांना तारीख म्हणजे काय हे मी काय सांगू.)

आमच्यात दावा होता थोरले काका आणि माझे वडील यांच्यात. कागदावर साडेचार एकर आणि एक विहीर. पण दुसऱ्या बैठकीत मध्यस्थ बाईंनी काकांना एकट्याला बसवून विचारलं, तेव्हा खरं दुखणं बाहेर आलं. चवथीचा गणपती जुन्या घरात बसतो, आणि जुनं घर वडिलांच्या वाट्याला जाणार होतं. समोरासमोर आल्यावर काका वडिलांना म्हणाले, ‘जमीन घे रे, गणपतीची वाटणी कसली करालास?’ अकरा वर्षांत हे एकाही कैफियतीत आलं नव्हतं, येणारही नव्हतं. ठरलं असं की गणपती जुन्या घरातच बसेल आणि पूजेला काका बसतील. त्यानंतर विहिरीच्या पाळ्या, मोटरचं बिल, बांधावरून गाडीवाट हे सगळं दीड तासात लिहून झालं. पाण्याच्या पाळ्या इतक्या बारकाईनं कुठल्या हुकूमनाम्यात आल्या असत्या?

दुसरं, भाषा. कोर्टाचं काम कन्नड नाहीतर इंग्रजीत. वडील अकरा वर्षं मागच्या बाकावर बसून फक्त स्वतःचं नाव पुकारलेलं ओळखायचे. मध्यस्थीत ते मराठीत बोलले, पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं.

तिथं बोललेलं पुरावा म्हणून कोर्टात वापरता येत नाही, त्यामुळं दबकून बसू नका. मध्यस्थ निकाल देत नाही. नाही जमलं तर दावा पुढं चालू राहतो. जमलं तर तडजोड लिहून कोर्टापुढं जाते आणि तिचा हुकूमनामा होतो. मग ‘मला मान्य नव्हतं’ म्हणून नवा दावा लावता येत नाही, तेव्हा सही करण्याआधी मजकूर मराठीत वाचून घ्या, हट्टानं.

आता सावध राहायच्या गोष्टी. आत्या, बहिणी यांना वगळून केलेली तडजोड पुढं उलटते. कर्नाटकात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क १९९४ च्या दुरुस्तीनं आला, २००५ ला देशभर. आमच्या आत्यानं हक्क सोडला नाही, आठ गुंठे घेतले, बरं केलं. बाईमाणसाला उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, हे बहिणींना सांगा. दाव्यात नसलेला एखादा प्लॉट तडजोडीत घातला तर त्याची वेगळी नोंदणी लागते. आणि समोरच्यानं खोटं खरेदीपत्र केलं असेल, जमीन तिसऱ्याला विकली असेल, तर मध्यस्थीवर फार भरवसा ठेवू नका. तो खरेदीदार बैठकीला आल्याशिवाय काही पक्कं होत नाही.

जाताना चालू उतारा आणि हातानं काढलेला का होईना, शेताचा नकाशा न्या. विहीर आणि वाट कुठं आहे ते त्यावर आधीच दाखवून ठेवा.